वानरी रस्ता ओलांडते

आंग मो किओ,
रविवार, १९ जानेवारी

कस्तुरी,

वर 'चि. सौ.' लिहिलं होतं, ते खोडलं. मग नुसतं 'चि.' लिहिलं, तेही बरं दिसेना. शेवटी नाव तेवढं ठेवलं. आशीर्वाद आहेत, ते धरून चाल.

तुझा फोन लागत नाही. लागतो तेव्हा तू उचलत नाहीस. मेसेजखाली दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळा शुकशुकाट. म्हणून हे पत्र. पत्राला निळ्या खुणा नसतात. तू वाचलंस की फाडलंस ते मला कळणार नाही, तेवढाच डोक्याला ताप कमी. पत्ता स्वी लानने दिला. ती कोण हे तुला सांगायला नको, पण ती माझ्या दारात कशी उगवली हे सांगायला हवं, कारण तो सगळा तुझाच प्रताप.

मी नोव्हेंबरात इथे सिंगापुरात आले. वरुण म्हणाला होता, "आई, ये, थोडे महिने राहा." विमानतळावर तो एकटाच उभा. म्हटलं, कस्तुरी कुठे? म्हणाला, "कामासाठी जोहोरला गेली आहे." घरी आल्यावर तुझं कपाट उघडलं, तर आत एक वाकडा हँगर आणि डांबरगोळ्या. जोहोर म्हणजे इथून पूल ओलांडला की मलेशिया, तिथेही असाच उकाडा. मग कामासाठी गेलेली बाई लोकरीचा कोट कशाला नेईल? रोज विचारलं, रोज त्याने फोनात डोकं घातलं. शेवटी एकदा लिफ्टमध्ये म्हणाला, "आई, आम्ही वेगळे राहतोय." शेजारी एक बाई कुत्रं घेऊन उभी होती. माझ्या मुलाचा संसार मोडल्याची बातमी मला आणि त्या कुत्र्याला एकाच वेळी कळली.

आता स्वी लान. एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात माझ्याच वयाची एक चिनी बाई, डोक्यावर टोपी, पायात गमबूट. तुझ्याकडे त्यांच्या वानरं मोजणाऱ्या गटाची दुर्बीण राहिली आहे म्हणाली. ती चपलांच्या कपाटात सापडली. (दुर्बीण चपलांत कोण ठेवतं?) ती तिच्या हातात दिली, तिथे विषय संपायला हवा होता. पण तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आंटी, कॅन वॉक?"

मला चालता येतं का, असं विचारलेलं मला खपत नाही. म्हटलं, "कॅन."

तर चपला घालून मी थॉमसनच्या जंगलात गेले. बसने थोड्याच वेळात पोचतो, म्हणून मला वाटलं बाग असेल. बाग कसली! डोक्यावर झाडांचं छप्पर, पायाखाली चिखल आणि मुळं, मधूनच कुठल्यातरी जुन्या वस्तीचे शेवाळलेले चौथरे. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मान वर करून चालायचं. दुपारपर्यंत चाललो. एक वानर दिसेल तर शपथ. परत येताना फाटकाशी एक माकड कुणाच्या तरी पिशवीत हात घालत होतं. मी म्हटलं, हे बघ, मिळालं, चला घरी. तर स्वी लान म्हणते, "नो लाह आंटी, दॅट वन मकाक."

मला शिकवते! माझं बालपण गुहागरात गेलं. लाल तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचं ते वानर, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर कळतं. पत्र्याचे डबे बडवून त्यांना वाडीतून हाकलण्यात माझे सगळे उन्हाळे गेले. आणि आता म्हातारपणी त्यांना शोधत हिंडतेय, तेही सुनेच्या वाटणीचं!

वरुण म्हणतो, तुला माणसांचा कंटाळा आला म्हणून तू गेलीस. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सांगणारं कुणी नाही. मी तुझ्याशी सासू म्हणून वाईट वागले असेन तर तसं कळव. नसेन तर फोन उचल.

विनीता

आंग मो किओ,
रविवार, २ मार्च

कस्तुरी,

तुझं उत्तर स्वी लानच्या फोनवर आलं. "आईंना सांगा, चपलांनी जाऊ नका. बूट घाला."

एवढंच? मी पानंच्या पानं लिहिली आणि तू पादत्राणांवर बोललीस. बूट घेतले, ती गोष्ट वेगळी.

मी दर रविवारी जाते आहे. आवड म्हणून नाही. तुझी जागा रिकामी आहे आणि स्वी लान इतक्या सकाळी इतक्या आनंदात दार वाजवते की नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत आम्ही बसमध्ये असतो. शिवाय घरात बसून करणार काय? वरुण सकाळी जुरोंग ईस्टला ऑफिसला जातो तो रात्री उगवतो, डब्यातलं बाहेरचं खातो आणि खोलीचं दार लावून घेतो. मी आमटी केली तर म्हणतो, "आई, कशाला त्रास घेतेस." अरे, आमटीचा कसला त्रास! मी बूट घालून, चिखल लावून घरी येते, ते कुठून आले हे तो विचारत नाही. परवा मात्र एकदम म्हणाला, "आई, तुझ्या गुडघ्यांचं बघ हं."

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

तो फोन बघायला लागला. हे असं आहे.

तुझी वानरं अखेर दिसली. मी वैतागून एका मुळावर बसले होते. वरून कुणीतरी खाकरल्यासारखा, घशातल्या घशात 'के-के-के' असा आवाज आला. बघते तर पानांत एक लांब काळी शेपटी. आमच्याकडच्या वानरांच्या मानाने अगदीच लहान चण, काळं कुळकुळीत अंग, पोटावर आणि मांड्यांच्या आतून पांढरे पट्टे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी फिकट वलयं. नुकतीच झोपेतून उठवलेली हेडक्लार्क दिसावी तशी ती वानरी आमच्याकडे बघत होती. तिच्या पोटाशी पिल्लू. ते मात्र पांढरं स्वच्छ, आणि पाठीवर काळ्या शाईने ओढावी तशी फुली. मी स्वी लानचा दंड इतका घट्ट धरला की तिला वळ उठला. म्हणाली, अशी वानरं सगळ्या सिंगापुरात मिळून शंभरसुद्धा नाहीत. मग ती मुकाट्याने वर बघत राहिली आणि मीही. इतका वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

आणि ऐक, त्यांनी मला कामाला लावलंय. वानरांची लेंडी खाली पडली की ती चिमट्याने उचलून बाटलीत घालायची. विद्यापीठातले लोक त्यावरून ती काय खातात, कोण कुणाचं नातेवाईक, हे शोधतात. पुण्यात सारी नोकरी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, माणसांच्या बाटल्या हाताळून रिटायर झाले, आता वानरांच्या. स्वी लानला हे सांगितलं तर ती हसून हसून मटकन खाली बसली.

काल वाटेवर एक बाई भेटली, जवळच्या काँडोच्या इमारतीत राहणारी, आपल्याकडचीच. हिंदीत म्हणाली, ही माकडं आमच्या बाल्कनीतून ब्रेड पळवतात, सगळी पकडून न्यायला पाहिजेत. मी म्हटलं, बाई, पळवतं ते माकड. ही वानरं आहेत, ही पानं आणि कच्ची फळं खातात, तुमच्या ब्रेडकडे ढुंकून बघत नाहीत. झाड सोडून खाली उतरायचं नावही घेत नाहीत. ती म्हणाली, "आप यहाँ काम करती हैं?" मी म्हटलं, "हाँ."

तू हे सगळं करत होतीस, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. 'कस्तुरीचं कॉलेजचं काहीतरी चालू असतं' एवढंच वरुण म्हणायचा.

फोन उचल.

विनीता

आंग मो किओ,
मंगळवार, १५ एप्रिल

कस्तुरी,

कुणाकडून काही ऐकलं असशील तर विश्वास ठेवू नकोस. मला अटक झालेली नाही. समज दिली, इतकंच.

गेल्या आठवड्यात पहाटेच वादळ झालं. जंगलाच्या कडेने जाणारा तो रस्ता तुला माहीत आहे. एका बाजूला खरं जंगल, दुसऱ्या बाजूला घरांच्या मागची झाडांची चिंचोळी पट्टी. दोन्हीकडच्या झाडांचे शेंडे एका ठिकाणी भिडायचे आणि वानरं तिथून ये-जा करायची. त्यातलं जंगलाकडचं मोठं झाड मुळासकट आडवं झालं. त्या वेळी कळप जंगलात होता आणि पिल्लाची वानरी पट्टीत. झालं. ती इकडे, सगळे तिकडे.

पहिल्या दिवशी वाटलं, शोधेल वाट. दुसऱ्या दिवशी पार्कच्या लोकांनी येऊन रस्त्यावरून दोरीचा पूल बांधला, जाड, चांगला दोन पदरी. ती त्या दोरीपर्यंत यायची, हात लावायची, आणि परत जायची. आम्ही आळीपाळीने झाडाखाली उभे. मी मराठीत सांगून बघितलं, "अगं बाई, जा ना! समोर बांधून ठेवलाय तुझ्यासाठी!" स्वी लान म्हणाली, नव्या दोरीवर जायला त्यांना कधी कधी महिनोन्‌महिने लागतात. महिने! त्या पट्टीत तिच्या खाण्याची दोन झाडं होती, त्यांची कोवळी पानं ती संपवून बसली होती. पलीकडून कळपातला नर दिवसभर के-के-के करून ओरडायचा. ही ऐकायची आणि जागची हलायची नाही. मला कुणाचा जास्त राग येत होता सांगता येत नाही, तिचा, त्याचा, दोरीचा की वादळाचा.

काल सकाळी स्वी लान डॉक्टरकडे गेली होती, मी एकटीच होते. पाऊस भुरभुरत होता. वानरी खाली उतरायला लागली. आधी खालच्या फांदीवर, मग कठड्यावर. जन्मात जमिनीला पाय न लावणारा जीव तो, कठड्यावर बसून रस्त्याकडे बघत होता. गाडी आली की वर पळायची, पुन्हा उतरायची. पिल्लू पोटाशी. मग एकदम तिने खाली उडी मारली आणि त्याच वेळी वळणावरून गाडीचा आवाज आला.

मी विचार केला नाही. छत्री उघडी होती, ती तशीच पुढे धरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

गाडी थांबली. किती जवळ थांबली ते वरुणला सांगू नकोस. मागे दुसरी, तिच्या मागे लॉरी. पहिला ड्रायव्हर काच खाली करून ओरडला, "आंटी! यू वॉन्ट टू डाय, अह?"

मी म्हटलं, "वेट!"

"वेट फॉर व्हॉट?"

मी मागे बोट दाखवलं. मी स्वतः मान वळवली नाही, गाड्यांवरची नजर हटवली नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो आधी रागावलेला होता, मग त्याचं तोंड उघडं पडलं, मग त्याने हळूच इंजिन बंद केलं. मागची लॉरी भोंगा वाजवायला लागली तर हाच उतरून लॉरीवाल्यावर ओरडायला गेला. तेव्हा मी वळले. पलीकडच्या झाडावर पानं हलत होती, इतकंच दिसलं. मग वरून इतका कल्ला झाला! सगळे एका जागी गोळा झाले होते आणि ती मधे होती. पिल्लू दुसऱ्याच कुणीतरी घेतलं होतं.

पोलीस आला, अगदी पोरगेलासा आणि सभ्य. "मॅडम, प्लीज" असं म्हणूनच सगळं बोलला. रस्ता अडवणं गुन्हा आहे म्हणाला, घरचं कुणी असेल तर बोलवा म्हणाला. मी वरुणचा नंबर दिला. वरुण ऑफिसमधून तसाच आला, गळ्यात कार्ड, कपाळावर आठ्या. पुढचं आज लिहीत नाही. आज लिहिलं तर पेनाने कागद फाटेल.

विनीता

आंग मो किओ,
बुधवार, १६ एप्रिल

कस्तुरी,

आता नीट वाच. बसून वाच.

पोलीस गेल्यावर वरुणने मला कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांशी नेलं. चहा घेतला. मी भिजलेली, तो तापलेला.

"आई, काय गरज होती? उद्या तुझा इथे राहायचा पास रद्द केला, परत पाठवलं तर? पुण्यात एकटी पडशील. तेवढ्यासाठी तर मी सगळं..." आणि थांबला.

"सगळं काय?"

"काही नाही."

"वरुण, आज मी गाडीसमोर उभी राहिले आहे. आज मला काही नाही म्हणू नकोस."

मग बाहेर पडलं. गेल्या वर्षी त्याला पुण्याच्या ऑफिसात जागा मिळत होती. तो हो म्हणून बसला. तुला सांगितलं ते हो म्हटल्यानंतर. तुझं जोहोरच्या जंगलातलं वानरांचं काम नुकतंच मंजूर झालं होतं. तू म्हणालीस, मला आधी का नाही विचारलंस. तेव्हा त्याने काय सांगितलं, तर आई एकटी आहे. आईला आता होत नाही. तिचे गुडघे गेलेत. ती फोनवर रोज रडते, मला परत बोलावते.

मी! रोज रडते!

तू म्हणालीस म्हणे, की मग आपण आईंशीच बोलू. तर हा म्हणाला, तिला विचारू नकोस, ती तोंडावर कधी कबूल करणार नाही. म्हणजे माझी बोलायचीही सोय ठेवली नाही. मी फोन केला की तुला वाटत असणार, आली ही म्हातारी, मुलाला ओढून नेणारी, आता मलाही रडून दाखवणार. आता कळतं तू फोन का उचलत नव्हतीस.

मी विचारलं, "आणि खरं काय होतं?"

त्याने पेला बाजूला सारला. म्हणाला, "मला इथे कंटाळा आलाय, आई. मला घरी यायचं होतं. पण मला यायचंय असं म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, मग तू जा. तुझं नाव घेतलं तर ती नाही म्हणू शकणार नाही, असं वाटलं."

"पण म्हणाली ना ती नाही?"

"म्हणाली."

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा मराठी येत नसताना उठून दुसरीकडे जाऊन बसले. कुणी मला विचारलं का? मी पुण्यात माझ्या घरात, माझ्या पेन्शनीत, माझ्या मैत्रिणींत सुखाने होते. गुडघा दुखतो असं मी एकदाच फोनवर म्हणाले होते, तेही फोन लगेच ठेवला जाऊ नये म्हणून. त्या एका गुडघ्यावर याने अख्खी इमारत बांधली. एवढी शिकलेली तुम्ही दोघं. त्याला खरं बोलता आलं नाही आणि तुला बटण दाबून "आई, खरं का हो हे?" एवढं विचारता आलं नाही. तुमच्यात मी एक अपंग, रडकी म्हातारी होऊन बसले होते आणि मलाच पत्ता नव्हता.

तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. मी रडत नव्हते, एवढं तुला कळावं म्हणून लिहिते.

विनीता

आंग मो किओ,
रविवार, ११ मे

कस्तुरी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्या चालल्यासारखं. भिंग घेऊन वाचलं.

तू लिहिलं आहेस की खरं कळलं असतं, तरी तू जोहोरला गेलीच असतीस. ते वाचून मला बरं वाटलं असं नाही. पण ते खरं वाटलं, आणि या घरात सध्या त्याचीच टंचाई आहे. वेगळं होण्याचे कागद तयार होत आहेत हेही वाचलं. मी त्यात पडणार नाही. वरुणलाही ते कागद मान्य आहेत. तो आजकाल बोलतो. आमटी खातो. एकदा ताट धुताना पाठमोरा म्हणाला, "मी तिचं ऐकून घ्यायला हवं होतं." मी म्हटलं, ते मला सांगून काय उपयोग, आणि नळ बंद कर.

जूनअखेर तो पुण्याला जातोय. माझा पास त्याच्या नोकरीला बांधलेला, तेव्हा मलाही जावं लागेल. त्याने गृहीत धरलं होतं की तो माझ्या घरी राहणार. "आई, तुझ्याकडची मागची खोली मी ऑफिसला घेतो," म्हणाला.

मी म्हटलं, "नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तू तुझं घर भाड्याने बघ. माझ्यासाठी येतो आहेस असं तू जगाला सांगितलंस. आता तुझ्यासाठी येतोयस, तसा राहा. रविवारी जेवायला ये. फोन करून ये."

त्याचा चेहरा बघवत नव्हता. मला रात्रभर झोप लागली नाही. तरी शब्द बदलला नाही.

तू लिहिलं आहेस, "इथे यायचं तुम्हाला जमणार नाही, रस्ता फार वाईट आहे." याचा अर्थ मी आमंत्रण असा घेतला आहे. महिनाअखेरीला येते. स्वी लान पूल ओलांडून देईल, पुढे तुमच्या कामाची जीप असते म्हणे. आठवडाभर राहीन. विचारत नाही, कळवते आहे.

विनीता

जोहोर, तुझ्या टेबलावर,
शुक्रवार, ६ जून

कस्तुरी,

मी उठायच्या आत तू जंगलात निघून गेलीस, म्हणून लिहिते. न्यायला जीप येणार आहे. मला उठवून निरोप घ्यावा लागू नये म्हणून तू गेलीस, की कालचा राग आहे म्हणून, हे मी ठरवत बसणार नाही.

आठवडाभर तू इतकी नीट वागलीस की मला गुदमरल्यासारखं झालं. "हो आई." "बरं आई." "राहू द्या आई, मी करते." स्वतः फळीवर झोपलीस आणि खाट मला दिलीस. जळवा काढून द्यायलासुद्धा "एक्स्क्यूज मी" म्हणालीस. लग्न झाल्यापासून तू माझ्याशी अशीच वागत आली आहेस, पाहुण्यांच्या कपबशीसारखी जपून. दोन दिवस मी सहन केलं. मग मला वाटायला लागलं, मी आले तरी कशाला?

काल पहाटेपासून आपण ओढ्याकाठी बसलो होतो. पलीकडे ताडतेलाची झाडं रांगेत लावलेली, अलीकडे हा जंगलाचा उरलेला तुकडा. इथला कळप माणसाला बुजतो, तुला बघून अजून पळतो, हे तू मला सांगितलं होतंस. काल ती वानरं पहिल्यांदा डोक्यावर येऊन थांबली. तू श्वास रोखून लिहीत होतीस. आणि पानं बाजूला झाली, आतलं ते नवं जन्मलेलं पांढरं पिल्लू मला दिसलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, ते बघ!"

गेली सगळी. फांद्या हलल्या आणि आकाश रिकामं.

"आई, तोंड बंद ठेवता येत नाही का हो तुम्हाला?" केवढ्याने ओरडलीस! "महिनोन्‌महिने मरतेय मी इथे या एका सकाळसाठी!" आणि मग थांबलीच नाहीस. मी नेहमी वरुणलाच फोन करायचे, तुला कधी नाही. तू काय काम करतेस हे मी एकदाही विचारलं नाही. दिवाळीला दरवर्षी साडी पाठवायचे, तू साडी नेसत नाहीस हे माहीत असून. वरुणने सांगितलेलं खोटं तुला खरं वाटलं, कारण मी तशी असू शकेन असंच तुला वाटत होतं. मीही गप्प बसले नाही. मी म्हटलं, तू कधी सांगितलंस का काही? हसून 'हो आई' म्हटलं की माणसाला काय कळणार, डोंबल? तू वही आपटलीस आणि तरातरा निघून गेलीस. रात्री आपण दोघी समोरासमोर बसून, एकमेकींकडे न बघता जेवलो. तू दोनदा भात वाढून घेतलास.

कस्तुरी, ओरडलीस ते बरं केलंस. काल तू माझ्याशी पहिल्यांदा बोललीस. मी तिथेच मुळावर बसून राहिले होते, पण उरावरून काहीतरी उतरलं होतं. कागदांवर सही कर. त्याने माझं आणि तुझं काय व्हायचं ते कुठल्या कचेरीत ठरणार नाही. डिसेंबरात मी पुन्हा येईन, पुण्याहून विमान आहे. तेव्हाही भांडू, अजून पुष्कळ बाकी आहे. माझ्याकडेही आहे.

आणि कामाचं राहिलंच. तू गेल्यावर ती वानरं परत आली. मी ओठ मिटून बसले होते, डासांनाही हात लावला नाही. ओढ्यापलीकडे तुझी लाल फीत बांधलेलं झाड आहे, त्याच्या डावीकडच्या झाडावर बसून त्यांनी हिरवी, बोराएवढी फळं खाल्ली, बिया चावून गर टाकून दिला. पिल्लू आधी आईकडे होतं, मग एका लहान चणीच्या मादीने घेतलं. खाली पडलं ते मी गोळा केलं आहे. बाटली टेबलाखाली सावलीत आहे, वर तारीख घातली आहे.

जीप आली वाटतं. जंगलाच्या तोंडाशी उभा राहून तो माणूस भोंगा बडवतोय. यांना कुणी सांगत कसं नाही! थांब, मीच सांगते.

विनीता